मांजराचा लिटर ट्रे कुत्र्यापासून कसा वाचवायचा

घरात आधी मांजर होतं आणि मागाहून कुत्रा आला, किंवा कुत्र्याच्या घरात मांजराचं पिल्लू आलं, की थोड्याच दिवसांत हा प्रश्न समोर येतो. लिटर म्हणजे मांजराच्या शू-शीसाठी ट्रेमध्ये पसरायचे मातीचे किंवा लाकडाचे दाणे. मांजर ट्रेमधून उतरतं न उतरतं तोच त्याची शी खायला कुत्रा तिथे हजर. घरातलं माणूस स्कूप घेऊन पोचेपर्यंत उचलण्यासारखं काही उरलेलं नसतं. फरशीवर सांडलेले चार दाणे आणि कुत्र्याच्या मिशांना चिकटलेली लिटरची भुकटी, एवढाच पुरावा.

यावर बहुतेक जण कुत्र्याला रागावतात. त्याचा उपयोग होत नाही. ज्या घरांत हा प्रश्न खरोखर सुटतो, तिथे जागेची रचना बदललेली असते. मांजराला निर्धास्त जाता येईल आणि कुत्र्याला जाताच येणार नाही, अशी वाट तिथे केलेली असते. कुत्र्याला शिकवायचंच आहे, पण ते दुसऱ्या नंबरचं काम. आणि एक अट सगळ्यांच्या वर: मांजराला न पटलेली रचना फसलेलीच समजायची, मग कुत्रा कितीही लांब राहो.

कुत्रा हे का करतो

मांजर पक्कं मांसाहारी. त्याच्या खाण्यात प्रथिनं आणि चरबी कुत्र्याच्या खाण्यापेक्षा जास्त असतात. पाकीटबंद खाद्यासाठी जे अमेरिकी निकष सर्वत्र वापरले जातात, त्यांत वाढ झालेल्या कुत्र्याच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, तर मांजराच्या खाद्यात २६ टक्के. अशा खाण्यातून आलेल्या शीला कुत्र्याच्या नाकाला अन्नाचाच वास येतो. गोव्यातल्या घरांत तर मांजराच्या ताटलीत बांगड्याची डोकी, तारल्या, सुंगटांची डोकी असं काही ना काही रोज पडतं, त्यामुळे ओढ आणखी वाढते. उकिरडा हुंगून पोट भरणं हा कुत्र्याचा मूळ स्वभाव आहे. त्याच्या लेखी ही खोडी नव्हेच, सापडलेला घास आहे.

म्हणून ही सवय असलेला कुत्रा आजारी असतोच असं नाही. पण आजवर ट्रेकडे ढुंकून न पाहणारा कुत्रा अचानक शी खाऊ लागला, सोबत वजन उतरलं, जुलाब होऊ लागले किंवा भूक बेसुमार वाढली, तर आधी पशुवैद्याला दाखवा. जंत, अन्न नीट न पचणं, मधुमेह ही कारणं असू शकतात. खाज किंवा अ‍ॅलर्जीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही भूक भडकते, आणि गोळ्या थांबेपर्यंत दारं-कड्या सांभाळण्यावाचून इलाज नसतो.

नुकसान कोणाचं होतं

कुत्र्याचं होतं ते मुख्यतः दोन प्रकारे. पहिलं लिटरमुळे. गुठळ्या होणारं लिटर बेंटोनाइट मातीचं असतं आणि ओल लागली की ते फुगून घट्ट होतं. शीला चिकटलेले चार दाणे पोटात गेले तर बहुतेक वेळा ते तसेच बाहेर पडतात. पण रोज खाणारा कुत्रा, किंवा ट्रेमध्ये तोंड घालून मूठ-दोन मूठ गिळणारं पिल्लू, यांच्या आतड्यात अडथळा होऊ शकतो. वारंवार उलटी, खाणं बंद, शी न होणं, पोट फुगून कडक लागणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि कुत्र्याने लिटर खाल्लंय हे स्वतःहून सांगा. लाकडाच्या गोळ्यांचं लिटरही ओलं झाल्यावर फुगतंच. सिलिका जेलच्या खड्यांनी विषबाधा होत नाही, पण पोट बिघडतं.

दुसरं नुकसान जंतांचं. आकड्यासारख्या तोंडाच्या हुकवर्म या जंताच्या काही जाती मांजर आणि कुत्रा दोघांनाही होतात, आणि आपल्याकडची दमट उबदार हवा त्याच्या अळ्यांना फार मानवते. जिआर्डिया आणि साल्मोनेला हे जुलाब घडवणारे सूक्ष्म जीवही याच वाटेने येऊ शकतात. म्हणून कुत्रा आणि मांजर दोघांना जंताचं औषध एकाच दिवशी द्या. मात्र औषध वेगवेगळं आणि वजनानुसार. कुत्र्याच्या गोळीचा तुकडा मांजराला देऊ नका. एक बारकावा कामाला येईल: शी खाणाऱ्या कुत्र्याच्या तपासणीत मांजराच्या जंतांची अंडी नुसतीच पोटातून पार होऊन आलेली दिसू शकतात. डॉक्टरांना हे माहीत नसेल तर कुत्र्याला न झालेल्या जंतांवर इलाज सुरू होतो.

घरात गर्भवती बाई असेल तर टोक्सोप्लाझ्माचा, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा, विचार करावाच लागतो. मांजराच्या ताज्या शीतली त्याची अंडी लगेच संसर्ग करत नाहीत. त्यांना पिकायला १ ते ५ दिवस लागतात. रोज न चुकता ट्रे साफ झाला तर धोका फार कमी होतो. साफ करायचं काम मात्र घरातल्या दुसऱ्या कोणी तरी करावं, आणि ट्रेमध्ये तोंड घालून आलेल्या कुत्र्याने तोंड-हात चाटू नयेत एवढं बघावं.

मांजराचं नुकसान दिसत नाही, पण तेच सर्वांत मोठं. ट्रेमध्ये बसलेलं मांजर अगदी असहाय असतं, आणि तेवढ्यात कुत्रा नाक खुपसतो. असं दोनचारदा घडलं की ते ट्रे टाळू लागतं. नीट पाहिलं तर आधी कळतं: शी केल्यावर माती न ओढता उडी मारून पळणं, ट्रेच्या कडेवर चारही पाय ठेवून बसणं, ट्रेपाशी जाऊन कान मागे वळवून थांबणं आणि परत फिरणं. पुढे पलंगावर, कोपऱ्यात, धुवायच्या कपड्यांच्या ढिगात शू होऊ लागते. बोक्याच्या बाबतीत तर ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊन लघवीची वाट बंद होऊ शकते. बोका पुन्हापुन्हा बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाहीये, तर सकाळपर्यंत थांबू नका. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आधी मोजून घ्या

गेट किंवा डबा विकत आणण्यापूर्वी हातात टेप घ्या आणि चार मापं लिहून काढा.

१. मांजराची सर्वांत रुंद जागा. खांदे किंवा पोट, जे जास्त असेल ते. साधारण मोठं मांजर १२ ते १५ सेंटीमीटरच्या फटीतून जातं. खाऊन सुटलेल्या बोक्याला जास्त लागते.

२. कुत्र्याच्या डोक्याची रुंदी, गालाच्या हाडांपाशी.

३. कुत्र्याच्या नाकाच्या टोकापासून खांद्यापर्यंतची लांबी. हे माप कोणी घेत नाही आणि निम्म्या रचना त्यामुळेच फसतात. कुत्र्याचं अंग आत जाण्याची गरजच नसते. मान आत गेली की काम झालं.

४. कुत्रा किती उंच उडी मारतो. गावठी कुत्री अंगाने हलकी, ९० सेंटीमीटरचं गेट काही जण लीलया ओलांडतात.

या मापांवरून एक गोष्ट ठरते. कुत्रा मोठा असेल, म्हणजे लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, तर अरुंद वाट करा. कुत्रा छोटा असेल, म्हणजे पॉमेरेनियन, डॅशहुंड, शित्झू, तर उंची करा, कारण जिथून मांजर जातं तिथून तोही जातो. दोन्ही आकाराचे कुत्रे असतील तर उंचावर आणि अरुंद, दोन्ही लागेल.

पहिली वाट: दार आणि ताठ हुक

ट्रेसाठी स्वतंत्र खोली, कोठी किंवा जादा न्हाणी असेल तर हीच सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ रचना. दार मांजरापुरतंच उघडं राहील असा हुक बसवायचा.

साखळी वापरू नका. साखळी दार जास्त उघडू देत नाही, पण बंद होण्यापासून अडवतही नाही. दुपारी खारा वारा सुटला की दार आपटून बंद होतं आणि मांजर आत किंवा बाहेर अडकतं. ताठ दांडीचा हुक आणि कडी घ्या, जेणेकरून दार दोन्ही बाजूंना हलणार नाही. दांडी जेवढी लांब तेवढी फट. १२-१३ सेंटीमीटरपासून सुरुवात करा आणि मांजर अंग न घासता जातं का ते पाहा. हुक स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेचा हवा. समुद्राजवळच्या घरांत लोखंडी हुक एका पावसात गंजतो. चिकटपट्टीवर लावायचे प्लास्टिकचे पट्टे मिळतात, पण पावसाळ्याच्या दमटपणात त्यांचा डिंक सुटतो, स्क्रूच मारा.

आणखी एक गोष्ट जुन्या घरांत राहणाऱ्यांना सांगायला हवी. फणसाच्या, सागवानाच्या दारांची फळी जूनपासून फुगते, दार जमिनीला घासतं, आणि मे महिन्यात जुळवलेला हुक जुलैत कडीत बसत नाही. कडी थोडी खालीवर करता येईल अशी, लांबट भोकाच्या पट्टीवर बसवा.

हुक कुत्र्याच्या पंजाला पोचणार नाही इतक्या वर लावा. मोठ्या कुत्र्यांना दाराच्या फटीत नाक घालून ढकलायची सवय असते, म्हणून स्क्रू चौकटीच्या लाकडात किमान अडीच-तीन सेंटीमीटर जायला हवेत.

दुसरी वाट: कपाट

वन-बीएचके फ्लॅटमध्ये वेगळी खोली कुठून आणणार. देवघर आणि स्वयंपाकघर तर ट्रेसाठी बादच. अशा वेळी बैठं कपाट हा उत्तम मार्ग आहे, आणि कुठलाही सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. जुनं चपलांचं कपाट किंवा टीव्हीखालचं युनिटही चालतं.

आतली मापं अशी हवीत: लांबी किमान ९० ते १०० सेंटीमीटर, खोली ५०, उंची ५०. एका टोकाच्या बाजूफळीला १८ सेंटीमीटर व्यासाचं गोल भोक, भोकाची खालची कड जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर. ट्रे दुसऱ्या टोकाला. भोक आणि ट्रे यांमधलं अंतर तुम्ही मोजलेल्या नाक-ते-खांदा लांबीपेक्षा जास्त हवं. लॅब्रॅडोरचं डोकं १८ सेंटीमीटरच्या भोकातून आत येतं, खांदे येत नाहीत. तेव्हा बचाव होतो तो अंतरामुळे, भोकामुळे नव्हे. कपाट तेवढं लांब नसेल तर आत, भोकापासून २५ सेंटीमीटरवर, वाटेत आडवी येणारी एक फळी अशी उभी करा की वाट वळणाची होईल. मांजर वळतं, लॅब्रॅडोरची मान वळत नाही.

फळी मरीन प्लायची, १२ मिलिमीटर. साधं प्लाय गोव्याच्या हवेत दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं. भोक जिगसॉने कापल्यावर कड पॉलिश पेपरने घासा, ऑइलपेंटचे दोन हात द्या, आणि बागेच्या रबरी पाइपचा तुकडा उभा चिरून कडेवर चढवा. मांजराच्या पोटाला खरखर लागली तर ते दुसऱ्यांदा आत जायला कुरकुर करतं. कापलेल्या सगळ्या कडांना रंग द्या. ओल शिरते ती कडेनेच.

मागच्या फळीला वरच्या बाजूने अडीच सेंटीमीटरची आठ-दहा भोकं पाडायला विसरू नका. बंद कपाटात शूचा अमोनिया साठतो. आपल्याला बाहेर वास येत नाही म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि आत मांजराचे डोळे चुरचुरतात. झाकणवाल्या ट्रेचंही हेच दुखणं. पुढचं दार सफाईसाठी पूर्ण उघडणारं असावं. लोहचुंबकाचा कॅच पुरत नाही, कुत्रा पंजाने ओढतो. फिरवायची छोटी कडी लावा.

एकाच भोकाच्या कपाटात एक उणीव राहते: कुत्रा बाहेर दबा धरून बसला तर मांजर आत कोंडलं जातं. घरातला कुत्रा मांजराच्या मागे लागणारा असेल तर पुढच्या फळीला दुसरं भोक ठेवा. त्यालाही आतून आडवी फळी लागेल.

तिसरी वाट: उंचावर

वॉशिंग मशीनच्या बाजूचा ओटा, भक्कम टेबल, भिंतीतली रुंद फळी. चिऱ्यांच्या, म्हणजे लाल जांभ्या दगडाच्या, जुन्या घरांत भिंती जाड असल्यामुळे खिडकीची बैठक एवढी रुंद असते की ट्रे सहज मावतो. गज किंवा जाळी मात्र पक्की हवी. पृष्ठभाग किमान ६५ बाय ४५ सेंटीमीटर, उंची ७५ ते ९०. खाली रबरी चटई घाला. उडी मारताना ट्रे एकदा जरी सरकला, तरी मांजर तिथे जायचं सोडतं. चालू वॉशिंग मशीनच्या डोक्यावर ट्रे ठेवू नका, स्पिनच्या धडधडीने कोणतंही मांजर बिथरतं.

दहा वर्षांवरच्या मांजरांना सांधेदुखी फार असते आणि ती लंगडत नाहीत, फक्त उड्या कमी करतात. त्यांच्यासाठी, पिल्लांसाठी आणि गाभण मांजरासाठी ही वाट घेऊ नका. घ्यावीच लागली तर मध्ये ३५-४० सेंटीमीटरवर पायरी द्या. पण लक्षात घ्या, मांजराला दिलेली पायरी छोट्या कुत्र्यालाही मिळते.

वरून भोक असलेला डबा

६०-७० लिटरचा झाकणाचा प्लास्टिक डबा, उंची ४० सेंटीमीटरच्या आसपास, झाकणाला २३ ते २५ सेंटीमीटरचं भोक, आत ६-७ सेंटीमीटर लिटर. स्वस्त आणि फरशीवर लिटर कमी सांडणारा. छोट्या आणि मध्यम कुत्र्यांसाठी चांगला. मोठा कुत्रा मात्र भोकातून मान घालून थेट तळापर्यंत पोचतो, तेव्हा लॅब्रॅडोरवाल्यांनी यावर पैसे घालवू नयेत. झाकण क्लिपचं घ्या, नाहीतर मांजर चढल्यावर ते आत कोसळतं. डब्याच्या बाजूला एक चिरा टेकवून ठेवला की मांजराला पायरी होते आणि कुत्र्याच्या धक्क्याने डबा सरकत नाही. चिऱ्याची लाल माती झडते, म्हणून त्यावर जुनी गोणी गुंडाळा.

लहान मुलांसाठीचं गेट हाही एक मार्ग आहे. ते जमिनीपासून १२-१५ सेंटीमीटर वर बसवायचं, मांजर खालून जातं. दारापेक्षा हवा खेळती राहते, पण उडी मारणाऱ्या कुत्र्यापुढे त्याचा निभाव लागत नाही.

ट्रे हलवताना घाई करू नका

इथे नवखे लोक सर्वांत जास्त चुकतात. सुतार संध्याकाळी कपाट देऊन जातो, ट्रे रात्रीच आत जातो, आणि सकाळी मांजराने सोफा भिजवलेला असतो.

नवी जागा तयार झाली की तिथे दुसरा ट्रे ठेवा, जुना होता तिथेच राहू द्या. नव्या ट्रेमध्ये जुन्या ट्रेतलं वापरलेलं लिटर दोन स्कूप मिसळा. कपाट असेल तर पहिले काही दिवस पुढचं दार काढूनच ठेवा, मग लावा पण उघडं, मग अर्धं, मग बंद. मांजर नवीन जागी सलग आठवडाभर शू आणि शी दोन्ही करतंय हे दिसल्यावरच जुना ट्रे उचला. मधल्या काळात जुन्या ट्रेपाशी कुत्र्याला मोकळं सोडू नका, पट्ट्यावर ठेवा किंवा दुसऱ्या खोलीत.

दुसरी जागा नसेल आणि आहे तोच ट्रे सरकवायचा असेल तर रोज अर्ध्या मीटरपेक्षा जास्त सरकवू नका.

ट्रे स्वतः मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजून. दुकानात मिळणारे बहुतेक ट्रे याहून लहान असतात. आणि मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, वेगवेगळ्या ठिकाणी. कुत्र्याच्या घरात हा नियम जास्तच पाळावा, कारण एका ट्रेची वाट अडली तरी दुसरा मोकळा असतो.

पावसाळ्यातलं लिटर

जून ते सप्टेंबर बेंटोनाइट लिटर हवेतलीच ओल शोषतं, गुठळ्या मऊ पडतात आणि उचलताना फुटतात. फुटलेला चुरा ट्रेमध्ये राहतो आणि कुत्र्याला वास जास्त येतो. पिशवी उघडल्याबरोबर लिटर घट्ट झाकणाच्या पिंपात ओता. ट्रेमध्ये एकदम भरपूर न घालता ५ सेंटीमीटर ठेवून रोज थोडी भर घाला. लाकडाचा भुसा, मक्याचं किंवा कागदी लिटर वापरत असाल तर चार-पाच दिवसांत पूर्ण बदला, त्यांना बुरशी येते. किनाऱ्यावरची वाळू आणून घालू नका. ती खारट, ओलसर, आणि तिच्यातून आधीच भटक्या प्राण्यांची घाण व जंत येऊ शकतात.

घराशेजारी बांधकाम चालू असेल तर रेतीचा ढीग म्हणजे गावातल्या सगळ्या मांजरांचा ट्रेच. तुमचा कुत्रा फिरायला नेताना तिथे दोरी आखूड धरा, आणि ढीग तुमचाच असेल तर ताडपत्री टाका.

सफाई, आणि फिनेलबद्दल

मांजर बहुधा खाण्यानंतर काही वेळाने शी करतं आणि ठरलेल्या वेळा पाळतं. तीन-चार दिवस वेळा टिपून ठेवा, मग स्कूप त्या वेळेला घेऊन जा. दिवसातून दोनदा तरी. कुत्र्याला रिकामा ट्रे वारंवार सापडला की त्याची तिकडे फेरी मारायची ओढ कमी होते.

काढलेलं कुठे टाकता, तेही बघा. उघडी बादली म्हणजे कुत्र्यासाठी दुसरा ट्रे. पायाने उघडायच्या डब्याचं झाकण हुशार कुत्रा शिकतो, तेव्हा डबा कपाटात किंवा उंचावर. पिशवीची गाठ मारून कचरा नेणाऱ्या माणसाला वेगळी द्या आणि आत काय आहे ते सांगा. संडासात ओतू नका, बेंटोनाइट पाइपात आणि सेप्टिक टँकमध्ये घट्ट बसतं. बागेत पुरायचं असेल तर विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर. चिऱ्याच्या जमिनीतून पाणी चटकन झिरपतं, आणि टोक्सोप्लाझ्माची अंडी ओल्या मातीत वर्षभरही तग धरतात.

ट्रे धुताना काळं किंवा पांढरं फिनेल अजिबात वापरू नका. आपल्याकडे हा हात इतका सवयीचा आहे की पुन्हा सांगतो: फिनेल नको. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं पचवता येत नाहीत. पंजाला लागलेलं ते चाटतं आणि विषबाधा होते. पाण्यात ओतल्यावर दुधासारखं पांढरं होणारं कोणतंही जंतुनाशक मांजराच्या वस्तूंपासून लांब ठेवा. ब्लीचिंग पावडर शूवर पडली की घातक वायू निघतो, आणि टोक्सोप्लाझ्माला ती मारतही नाही. त्याला मारतं ते उकळतं पाणी. ट्रे रिकामा करा, साबणाने घासा, उकळतं पाणी ओतून पाच-दहा मिनिटं ठेवा, उन्हात वाळवा. पावसात ऊन नसतं म्हणून ट्रेची जोडी ठेवावी, एक वाळत असताना दुसरा वापरात. तळाला नखांच्या चरा पडल्या की वास त्यांत मुरतो. वर्षभराने ट्रे बदला.

कुत्रा येऊ नये म्हणून ट्रेभोवती डांबरगोळ्या, निलगिरीचं तेल, तिखट असं काही पसरायचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. डांबरगोळ्या दोघांनाही विषारी आहेत, निलगिरीचं तेल मांजराला. तिखटाने कुत्रा थांबत नाही, मांजर मात्र ट्रे सोडतं.

कुत्र्याला काय शिकवायचं

एकच शब्द: ‘सोड’. घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा.

मुठीत खाऊ धरा आणि कुत्र्यापुढे करा. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. गप्प राहा. ज्या क्षणी तो तोंड मागे घेईल त्या क्षणी ‘सोड’ म्हणा आणि दुसऱ्या हातातून वेगळा, जास्त चवदार तुकडा द्या. मुठीतला कधीच देऊ नका. हे पक्कं झालं की खाऊ जमिनीवर, पायाखाली. मग पट्ट्यावर धरून, खाऊजवळून चालत. शेवटी ट्रे असलेल्या खोलीच्या दारापाशी. एकेका पायरीला काही दिवस द्या, रोज पाच मिनिटं, दोनदा.

तोंडात शी सापडली तर ओरडत धावू नका. घास हिरावला जातोय असं वाटून तो आधी गिळतो, आणि पुढच्या वेळी आणखी चपळ होतो. खाऊचा डबा वाजवा, बोलवा, अदलाबदल करा.

बाजारात शीची चव बिघडवणाऱ्या पावडरी मिळतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये कुत्र्यांची शी खाणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती जमवली, त्यात अशा उत्पादनांचं यश ० ते २ टक्के निघालं. मांजराच्या शीसाठी ती जास्त चालतील असं मानायला जागा नाही. मांजराच्या जेवणात अननस किंवा पपई कालवायचा उपायही सोडून द्या. जाळीचं मुसकं घातलं तर कुत्रा तोंड ट्रेमध्ये दाबतो आणि सगळं मुसक्याला माखतं.

कुत्र्याचं जेवण दोन वेळा ठरलेलं आणि पोटभर असू द्या, आणि मांजराची ताटलीही त्याच्या आवाक्याबाहेर हलवा. ट्रेवर पहारा आणि ताटली मोकळी, असं असेल तर कुत्र्याचं मांजराच्या मागे फिरणं थांबत नाही.

चवथीच्या दिवसांत

वर्षभर चाललेली रचना मोडते ती गणेश चतुर्थीला. घर पाहुण्यांनी भरतं, आतली दारं सताड उघडी राहतात, हुक कोणीतरी सोयीसाठी काढतं, फटाके वाजतात आणि मांजर पलंगाखालून बाहेर पडत नाही. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, बांधायच्या दोन दिवस आधीच एक आतली खोली मांजरासाठी राखून ठेवा: ट्रे एका कोपऱ्यात, पाणी आणि खाणं त्यापासून शक्य तितकं लांब, लपायला पुठ्ठ्याचा खोका. दार पूर्ण बंद. दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा आणि मुलांना तोंडी सांगा. ट्रे सकाळी आरतीच्या आधी एकदा आणि रात्री पाहुणे झोपल्यावर एकदा साफ करण्याची जबाबदारी घरातल्या एकाच माणसावर द्या. सगळ्यांवर टाकलेलं काम त्या दिवसांत कोणीच करत नाही. मांजराने दिवसभरात एकदाही शू केली नसेल तर त्या माणसाच्या ते लक्षात यायला हवं, आणि सणाच्या दिवशी उघडा असणाऱ्या पशुवैद्याचा फोन नंबर आधीच विचारून फ्रिजवर लावलेला हवा.